शेवटी पोहोचणाऱ्याचा शब्द

नदीच्या अलीकडच्या काठावर, लोहाराच्या दुकानाला लागून, वेताच्या खुर्च्या विणणाऱ्या एका गृहस्थांची खोली होती. खिडकीखाली पाण्याचे पसरट घमेले, त्यात भिजत पडलेली वेताची साल, आणि भिंतीशी बैठका फाटलेल्या खुर्च्यांची दाटी. गृहस्थ बोलत थोडे, ऐकत पुष्कळ. त्यांना लहानथोर सारे ‘आडोसा’ म्हणत, आणि हे नाव त्यांना सायकलीने दिले होते.

पलीकडच्या काठावर गिरण्या होत्या, रुग्णालय होते, धुलाईघर होते. तिकडे जाण्यास एक जुना अरुंद पूल होता. त्यावरून माणूस चाले आणि सायकल चाले, याहून अवजड काही नाही. नदीच्या खालच्या अंगाला मोटारींसाठी नवा रुंद पूल झाला, तेव्हा जुना पाडून टाकण्याचे सरकारच्या मनात आले. नव्या पुलावर सायकलीला मज्जाव; म्हणजे कामकऱ्यांना थेट धरणाच्या भिंतीपर्यंत वळसा. त्या दिवसापासून दरवर्षी, हिवाळा सरता सरता, काठावरची काही माणसे सायकलींवरून राजधानीला जाऊ लागली. घोषणा नाहीत, फलक नाहीत. बांधकाम खात्याच्या कचेरीसमोर सायकली उलट्या करून ठेवायच्या, चाके आकाशाकडे, आणि शेजारी मूक उभे राहायचे. अधिकारी बोलावतील तेव्हा सर्वांच्या वतीने एकानेच बोलायचे.

तो एक कोण, याचा नियम आडोशांनी घालून दिला होता. जो सर्वांच्या शेवटी पोहोचेल तो बोलेल. त्यांचे म्हणणे असे, की शेवटचा येईपर्यंत जथा पोहोचलेलाच नसतो. आणि रस्ता ज्याला सर्वांत जड गेला, त्याच्याइतका बोलण्याचा अधिकार दुसऱ्या कुणाला? त्याचा शब्द तो सर्वांचा शब्द. मध्ये कुणी तोंड घालायचे नाही, नंतर कुणी फिरवायचा नाही. नियम साधा होता, पण त्यामागे मनुष्यस्वभावावरची जी निःशंक श्रद्धा होती, ती आज मला एखाद्या प्राचीन व्रतासारखी वाटते.

या नियमाने एकदा पूल वाचवलाही होता. त्या वर्षी धुलाईघरातली इस्त्रीवाली बाई शेवटी पोहोचली. धापा टाकतच ती साहेबांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, “साहेब, मला उशीर झाला, तुम्ही खोळंबलात. तुमचा पूल गेला की मी रोजच कामावर अशी येणार. मग तुमच्यासारख्या साहेबांच्या शर्टांचं काय?” साहेब हसले, आणि पाडकाम पुढे ढकलले गेले.

आडोसा स्वतः कधीच शेवटी पोहोचले नाहीत, कारण ते सदैव पुढे असत. समोरून वारा आला की पहिला सायकलस्वार तो छातीवर घेतो आणि मागच्यांना चाकाला चाक लावून सुखाने येता येते, हे सायकल चालवणाऱ्याला सांगावे लागत नाही. इतर जथे ही जागा आळीपाळीने घेतात. आडोसा मात्र ती कुणाला देत नसत. कुणी मागे पडले की उलटे फिरून त्याच्यापर्यंत जात आणि आपल्या पाठीमागे घेऊन येत.

त्यांची एकुलती लेक पलीकडच्या काठावर दिली होती. संध्याकाळी हातातले काम ठेवून ते पुलावरून तिच्याकडे जात, ओसरीवर घटकाभर बसत, नातीचे बोबडे बोल ऐकत आणि परत येत. त्यांच्या दिवसाचा एवढाच विसावा होता, आणि तो त्या पुलाच्या फळ्यांवर उभा होता.

ज्या वर्षाची ही हकीकत, त्या वर्षी व्याही आपण होऊन म्हणाले, “यंदा मीही येतो.” व्याह्यांची लाकडाची वखार होती, माणूस वजनदार, बोलण्यात साखर. आडोशांना किती आनंद झाला! व्याह्यांच्या नव्या सायकलीचे खोगीर त्यांनी आपल्या हातांनी खालीवर करून दिले, चेनला तेल घातले. इस्त्रीवाली म्हणाली, “आडोसेदादा, सायकल सजवताय की नवरदेव?”

“अगं, व्याही आहेत ते,” आडोसा म्हणाले. “त्यांना एक खडा बोचला तर माझ्या लेकीला टोचेल.”

प्रवास उत्तम झाला. व्याही चढावरही मागे हटले नाहीत. राजधानीत शिरायच्या सकाळी मात्र त्यांचा गुडघा दुखू लागला. समोरून वारा उठला होता. जथा पुढे गेला आणि ते मागे मागे पडत दिसेनासे झाले. आडोशांनी सायकल वळवली. रस्त्याकडेच्या दगडावर व्याही बसले होते.

“तुम्ही व्हा हो पुढे. मी येतो हळूहळू.”

“असं कसं? तुम्हाला रस्त्यात टाकून गेलो तर लेकीला काय तोंड दाखवू? उठा. माझ्या चाकाला चाक लावा, वारा लागणार नाही.”

आणि खरोखरच त्यांनी वारा लागू दिला नाही. मान खाली, पाठ वाकलेली, असे ते व्याह्यांना शहराच्या रस्त्यांतून ओढीत घेऊन आले. कचेरीच्या फाटकाशी सर्व जण वाट पाहत होते. तिथे आडोसा उतरले आणि रीतीप्रमाणे बाजूला झाले. “व्हा पुढे, व्याहीबुवा.”

“छे छे, आधी तुम्ही. तुमचा मान.”

“तुमच्या आधी मी पाऊल टाकू? भलतंच.”

“अहो, दारात अडलेत दोघे!” इस्त्रीवाली ओरडली. “लग्नाला आलात की काय?”

सगळे हसले. तेवढ्यात व्याही वाकून बुटाची नाडी बांधू लागले. फाटकात खोळंबा नको म्हणून आडोसा आत गेले. नाडी बांधून झाली आणि व्याही शेवटी आत आले.

वरच्या मजल्यावर लांब टेबलापलीकडे साहेब बसले होते. व्याही पुढे झाले. धाप नव्हती, घाम नव्हता.

“साहेब, आम्ही हट्टी माणसं नाही. पूल जुना झालाय, हे आम्हालाही दिसतं. खुशाल पाडा. फक्त नव्या पुलाचा जोडरस्ता आमच्या बाजूने लवकर काढा, एवढीच विनंती.”

तो जोडरस्ता वखारीच्या दारावरून जाणार होता. साहेबांनी चष्मा वर केला. “सगळ्यांचं हेच म्हणणं?”

सगळ्यांनी आडोशांकडे पाहिले. त्या क्षणाचे वर्णन मला तिथे उभ्या असलेल्यांनी पुढे अनेकदा केले आहे. प्रत्येकाच्या सांगण्यात त्यांचे हातच आहेत, वेताने चिरलेले, एकमेकांत घट्ट गुंतवलेले. बोलावे, तर आपणच घातलेला नियम आपणच मोडायचा, आणि ज्या घरात लेक नांदते त्या घराच्या कर्त्याला भर कचेरीत खोटे पाडायचे. न बोलावे, तर पूल जातो. साहेबांनी उत्तराची वाट पाहिली, फार वेळ नाही. “ठीक आहे,” ते म्हणाले, आणि लिहू लागले. मौन हे ज्यांचे शस्त्र होते, त्यांची संमती त्या मौनातूनच काढून घेतली गेली.

परतताना व्याही जिने भराभर उतरले. इस्त्रीवाली मोठ्याने म्हणाली, “गुडघा बरा झाला वाटतं!” कुणी हसले नाही. आडोसा व्याह्यांना एकच वाक्य बोलले, तेही खालच्या आवाजात. “पूल नको असं मला आधीच सांगितलं असतंत, तर मी रागावलो नसतो.”

“मनाला लावून घेऊ नका,” व्याही म्हणाले. “पोरीच्या भल्याचंच आहे. दारावरून रस्ता जाणार.” आणि त्यांनी परतीसाठी मोटार ठरवली.

घरी पोहोचल्याच्या संध्याकाळी आडोसा पूल ओलांडून लेकीकडे गेले. ती ओसरीवर वाळलेले कपडे आवरत होती.

“पाणी देऊ, बाबा?”

“नको. तुला ठाऊक होतं?”

तिने घडी मोडली, पुन्हा घातली. “तुम्ही निघायच्या आदल्या दिवशी मामंजी आमच्या ह्यांच्याशी बोलत होते. मी आत होते.”

“आणि मला एक शब्द नाही?”

“मला या घरात राहायचंय, बाबा.” मग थोडी चिडून म्हणाली, “आणि सांगितलं असतं तर काय केलं असतंत? त्यांना वाटेत सोडून गेला असतात?”

व्याह्यांनी जे केले ते आडोशांनी कदाचित पचवलेही असते. परका आपले हित पाहतो, हे त्यांना कळत होते. पण सायकलीचे खोगीर ते जुळवत होते तेव्हा ही त्यांची लेक दारात नातीला घेऊन उभी होती, हसत होती, आणि तिला सारे माहीत होते. नातीच्या डोक्यावर हात ठेवून ते निघाले.

पूल त्याच उन्हाळ्यात पाडला गेला. कामकरी धरणावरून जाऊ लागले, कुरकुर करीत, मग कुरकुर न करता. जथ्यातले लोक एकदा खोलीवर आले आणि नियम बदलून, नव्या पुलावर सायकलीला वाट मागायला पुन्हा जाऊ, म्हणाले. आडोसा म्हणाले, “तुम्ही ठरवाल ते. मी येणार नाही.” पुढच्या हिवाळ्यात कुणीच गेले नाही.

लेक निरोप पाठवी. कधी स्वतःही येई आणि ‘कधी येताय’ म्हणून विचारी. ते तिची विचारपूस करीत, नातीच्या हातावर खाऊ ठेवीत, आणि “येईन” म्हणत. शेवटी इस्त्रीवालीला राहवले नाही.

“आडोसेदादा, राजधानी गाठणारा माणूस तुम्ही. लेकीच्या घरचा एवढासा वळसा जड जातो?”

“रस्ता नाही गं जड,” ते म्हणाले. “पोचल्यावर तिच्याशी बोलू काय?”