एसटीत राहिलेली हायकूंची वही

बाई आमच्याकडे भाड्याने राहायला आल्या तेव्हा मी वीस वर्षांची होते, डी.एड.चं शेवटचं वर्ष चालू होतं. ऐंशी साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. मालवणातल्या आमच्या घराला रस्त्याच्या अंगाला एक सुटी खोली होती. माझी मोठी बहीण पहिल्या बाळंतपणात गेली, त्यानंतर ती खोली कोणी वापरली नव्हती. हायस्कूलला मराठी शिकवायला सावंतवाडीहून नव्या बाई आल्यात, एकट्याच आहेत, असं बाबांच्या कानावर आलं आणि बाबांनी आईला न विचारता होकार देऊन टाकला. आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनेच खोली सारवली.

बाई पस्तिशीच्या होत्या. सामान थोडं, पण पुस्तकांची एक ट्रंक होती आणि ती उचलताना हमालाने दोनदा खाली ठेवली. त्या ट्रंकेत मला पहिल्यांदा हायकूंची पुस्तकं दिसली. काही जपानातल्या जुन्या कवींची, मराठीत आणलेली. काही पुण्या-मुंबईच्या नव्या कवींची. हाताला इतकी हलकी लागायची की मला ती वह्याच वाटली.

"ह्यात आहे काय?" मी विचारलं.

"चुलीवर पेज उकळेपर्यंत एक वाचून होतो. वाचून बघ."

मी वाचला. तीन ओळी, आणि संपला. मला फसल्यासारखं वाटलं. पण दुपारी विहिरीवर कपडे धुताना त्याच तीन ओळी डोक्यात फिरत राहिल्या, आणि संध्याकाळी मी बाईंकडे दुसरं पुस्तक मागायला गेले.

वर्षभर हेच चाललं. बाई वाचायच्या आणि मी ऐकायची, मग मी वाचायची आणि आई तांदूळ निवडत ऐकायची. आईला लिहिता येत नव्हतं, पण कुठला हायकू बरा आणि कुठला नुसता सजवलेला हे ती लगेच सांगायची. मी लिहायला लागले ते मालवणीत. बाईंना आधी ते विचित्र वाटलं. मग मी हा दाखवला:

व्हाळ सुकलो
धोंड्याखाली अजून
कुर्ली जागी

बाईंनी तो दोनदा वाचला. मग म्हणाल्या, "लिहीत राहा. थांबू नकोस."

संग्रहाची कल्पना त्यांची, हे मी आजही कबूल करते. आपण एक हस्तलिखित करू म्हणाल्या, गावच्या वाचनालयात ठेवू. डाव्या पानावर जुन्या-नव्या कवींचे आपल्याला आवडलेले हायकू, उजव्या पानावर माझे. आणि विभाग कवींप्रमाणे न करता वाचकांप्रमाणे करायचे. एक शाळेतल्या मुलांसाठी, एक नजर कमी झालेल्या म्हाताऱ्यांसाठी, त्यात अक्षर मोठं. एक आजारी माणसांसाठी आणि एक ज्यांना अजिबात वेळ नाही त्यांच्यासाठी. चार महिने मी बोरूने लिहीत होते. माझे चाळीसएक हायकू त्यात होते. आईने जुन्या लुगड्याच्या काठाचं कव्हर शिवून दिलं.

आजाऱ्यांच्या विभागात मी ताईवरचा घातला. आमच्या न्हाणीत तिचा आरसा खिळ्याला टांगलेला होता. ती उंच होती. लहानपणी मला त्यात फक्त माझं कपाळ दिसायचं.

ताईचो आरसो
आज माझां तोंड
पुरां दिसता

हा मी आईला वाचून दाखवला नव्हता. फक्त बाईंनी वाचला होता.

दिवाळीच्या सुट्टीत बाई सावंतवाडीला गेल्या. तिथे त्यांच्या ओळखीचे एक लिहिणारे गृहस्थ होते, त्यांना वही दाखवते म्हणाल्या. मी ती वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांच्या पिशवीत ठेवली. सुट्टी संपवून परत आल्या त्या दारातच बसल्या.

"पिशवी एसटीत राहिली गो," त्या म्हणाल्या. "कुडाळला गाडी बदलली तिथे. डेपोत विचारलं, कंडक्टरला विचारलं. नाही मिळाली."

आणि रडायला लागल्या. त्यांना इतकं रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. मीच त्यांना पाणी दिलं. मीच म्हटलं, "जाऊ दे बाई, माझ्या डोक्यात आहेत सगळे, परत लिहीन." आईने त्यांना दोन दिवस आमच्यातच जेवायला घातलं, कारण त्यांना चूल पेटवावीशी वाटत नव्हती.

सगळे डोक्यात नव्हते. पंधरा-सोळा आठवले. बाकीच्यांची एखादी ओळ यायची आणि पुढे रिकामं. मी लिहिणं थांबवलं नाही, पण नवीन लिहायला बसले की गेलेल्यांचीच आठवण यायची. पुढच्या जूनमध्ये बाईंची बदली कुणकेश्वरच्या बाजूला झाली. जाताना त्यांनी मला जवळ घेतलं. मला मसुऱ्याला प्राथमिक शाळेत नोकरी लागली आणि मी शनिवारी घरी येऊ लागले.

दोन वर्षांनी अशाच एका शनिवारी वाचनालयात गेले. ग्रंथपाल हसत म्हणाले, "तुमच्या बाईंचं पुस्तक आलंय. पहिलं तुम्हीच न्या."

मला खरोखर आनंद झाला. तो आनंद किती वेळ टिकला ते मला नीट आठवतं, कारण मी पुस्तक उभ्याउभ्याच उघडलं होतं. मुलांसाठी, म्हाताऱ्यांसाठी, आजाऱ्यांसाठी, वेळ नसलेल्यांसाठी. प्रस्तावनेत लिहिलं होतं की वेगवेगळ्या वाचकांना हायकू जवळचा वाटावा म्हणून ही रचना सुचली. मग पान उलटलं.

ओढा सुकला
दगडाखाली अजून
खेकडा जागा

माझे मालवणी शब्द काढून प्रमाण मराठीत घातलेले, पण होते ते सगळे माझेच. मला न आठवलेलेही होते. माझेच हायकू मी तिथे परक्यासारखे वाचले आणि एकेक ओळखत गेले.

घरी येऊन मी आईला ताईच्या आरशाचा वाचून दाखवला. छापलेला होता तसाच. आईने सूप खाली ठेवलं.

"ह्यां कोणी लिवलां?"

"पुस्तकावर बाईंचं नाव आहे."

"तिका खंय होती ताई? तिच्या घरात तीच थोरली." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "ह्यां तुझां आसा."

मी मान हलवली. त्या संध्याकाळी आई न्हाणीत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

बाबा तहसील कचेरीत कारकून, कागदांत आयुष्य गेलेलं. ते म्हणाले, "तीन-तीन ओळींसाठी खंय भांडत रवतलंस? आणि पुरावो काय?" त्यांचं चूक नव्हतं. पण ज्या दोघी-तिघींना मी हे सांगितलं त्यांच्या तोंडीही हेच आलं, तीन ओळीच तर आहेत, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला. कादंबरी गेली असती तर लोक हळहळले असते.

पुढच्या रविवारी मी देवगडची गाडी धरली आणि तिथून कुणकेश्वरला गेले. देवळाच्या खालच्या अंगाला बाईंची खोली होती. मला दारात पाहून त्या दचकल्या नाहीत. "ये," म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या.

"चहा नको. वही सापडली होती का?"

त्या पाठमोऱ्याच उभ्या राहिल्या. "हरवली नव्हती."

मी ह्या उत्तराची तयारी करून गेले नव्हते. सापडली आणि कळवायचं राहिलं, असं काहीतरी त्या सांगतील आणि मला ते मानता येईल, अशी माझी आशा होती.

"मग रडलात कशाला?"

"त्या गृहस्थांनी वाचली आणि म्हणाले, हे तुमचं आहे तर छापू. त्यांना वाटलं माझंच आहे. मी नाही म्हटलं नाही. पंधरा वर्षं लिहितेय गो मी, कोणी एक ओळ छापली नव्हती. गाडीत पूर्ण वाट रडत आले. ते खोटं नव्हतं."

"माझं नाव घालता आलं असतं."

"तुला हायकू दिला कोणी?" हे मात्र त्या वळून, माझ्याकडे बघून म्हणाल्या. "माझ्या ट्रंकेतनं शिकलीस ना?"

"शिकले. पण ताई माझी होती."

 त्यांनी कपाट उघडून वही काढली आणि माझ्यासमोर ठेवली. लुगड्याचा काठ तसाच होता. आत माझ्या शाईच्या अक्षरांवर त्यांच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या. 'आरसो'च्या जागी 'आरसा', 'तोंड' खोडून वर 'चेहरा'. आमच्या घरी माझे डी.एड.चे निबंध त्या तपासून द्यायच्या, तेव्हा जे वळणदार अक्षर मी गिरवून बघायची, तेच. वही घेऊन मी निघाले. त्या हाक मारतील असं वाटत होतं. त्यांनी मारली नाही.

आता पुरावा हातात होता. मी तो कोणाला दाखवला नाही. बाबांनी दोनदा विचारलं, तेव्हा मी फक्त "राहू दे" म्हटलं. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती, लोक वही चाळतील आणि पुन्हा तेच म्हणतील.

वर्षभराने हायस्कूलने बाईंचा सत्कार ठरवला. हेडमास्तर घरी आले. "त्या तुमच्याकडेच राहायच्या. परिचय तुम्हीच करून द्या." मी हो म्हटलं. आई माझ्याकडे बघतच राहिली.

मी व्यासपीठावर दहा मिनिटं बोलले. बाई किती छान शिकवत, मुलांच्या वह्या किती मनापासून तपासत, आमच्या घरात त्यांनी पुस्तकं कशी आणली, सगळं सांगितलं. एक शब्द खोटा नव्हता. मग नमस्कार करून खाली येऊन बसले. सत्कार पुस्तकासाठी होता आणि मी पुस्तकाचं नावच घेतलं नव्हतं. टाळ्या वाजल्या. बाई शालीच्या घडीकडे बघत बसल्या होत्या.

कार्यक्रम संपल्यावर हेडमास्तर जवळ येऊन म्हणाले, "पुस्तकाचा उल्लेख राहिला वाटतं."

"राहिला नाही, केला नाही," मी म्हटलं.

त्यांना काही कळलं नसावं. ते चहाचं बघायला गेले. मात्र शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी ते ऐकलं. त्यांनी माझा हात धरायला हात पुढे केला आणि अर्ध्यावरच मागे घेतला. मी आईला शोधत गर्दीतून बाहेर पडले.