नेसलेलंच पाठवा

बा न्येन काका स्वतःच्या लुंग्या स्वतः धुवायचे. पुढच्या गॅलरीतल्या उंच तारेवर वाळत घालायचे. काकूंची थमेनं मागच्या खिडकीबाहेर, खालच्या तारेवर. दोन्ही एका बादलीत भिजलेली त्यांना चालायची नाहीत. कुणाच्या गॅलरीखालून जायचं असलं, की आधी वर बघायचे, मग पाऊल टाकायचे. नात खांद्यावर बसायची ती डाव्या. उजवा खांदा मिळायचा नाही. पानाला चुना लावताना गुणगुणायचे, आणि गिऱ्हाईक बाई असली की गाणं बदलायचे.

थमेन म्हणजे आमच्या बायकांची लुंगी. पुरुषाचं तेज त्याच्या उजव्या खांद्यावर असतं आणि थमेनाखालून गेलं की ते उतरतं, असं मानतात. यांगूनमधले निम्मे पुरुष हे हसत सांगतात आणि तरीही वळसा घालून जातात. काका हसायचेसुद्धा नाहीत.

फेब्रुवारीत सैन्यानं सरकार उलथवलं. मार्चमध्ये बायकांनी आमच्या गल्लीच्या तोंडाशी आडवी दोरी बांधली आणि तिच्यावर थमेनं टांगली. सैनिकही आमच्यासारख्याच घरांतले. तेही वर बघतात. दोरी पाडायला ते बांबू शोधत, तेवढ्यात मोर्चातली पोरं मागच्या बोळातून पसार होत. बांबू सापडेपर्यंतचा वेळ, एवढीच आमची फौज.

काकांची पानाची टपरी दोरीच्या पलीकडे होती. घरातून दिसायची. तरी ते रोज मागच्या बोळातून, गटार ओलांडून, अख्खा बाजार फिरून तिथे पोचू लागले. काकू म्हणायच्या, "मोर्चात गेले असते तर एवढे चालले नसते. माझ्या थमेनानं चालवलं."

काकूंची भाची थायलंडमध्ये कपड्यांच्या कारखान्यात आहे. तिनं आमच्या दोरीचा फोटो तिथल्या मैत्रिणींना दाखवला. मग एक दिवस सुक्या मासळीच्या ट्रकमधून गाठोडं आलं. थाई बायकांनी आमच्या दोरीसाठी कपडे पाठवले होते. कोरे, कडक घडीचे, किमतीच्या चिठ्ठ्या लटकत असलेले. गल्ली हरखली. कपडे टांगले आणि चाचणीसाठी काकांना बोलावलं. गल्लीत त्यांच्याइतकं मनापासून घाबरणारं दुसरं कुणी नव्हतं. ते थांबतील तिथे सैनिक थांबणार, असा हिशोब.

काका वर न बघता सरळ खालून निघून गेले.

"दुकानातलं कापड आहे," ते म्हणाले. "कुणी नेसलंच नाही, तर मी कशाला घाबरू?"

बायकांची तोंडं पडली. काकूंनी भाचीला फोन लावला. परक्या मुलखातल्या बाईकडे तिचं नेसूचं मागायचं या कल्पनेनंच भाची अर्धमेली झाली.

"माग," काकू म्हणाल्या. "नेसलेलंच पाठवा म्हणावं. आणि म्हणावं, धुऊ नका."

दुसरं गाठोडं आलं. त्यात विटलेल्या थाई लुंग्या होत्या. तिथे शिकणाऱ्या एका तैवानी विद्यार्थिनीची जीन्स होती. कारखान्यात पर्यवेक्षक असलेल्या एका कोरियन बाईचा घेरदार रेशमी घागरा होता, तिच्या लग्नातला. तिच्या तरुणपणी तिच्या गावातही सैन्यानं लोकांवर गोळ्या झाडल्या होत्या. तेव्हा बाहेरून आपल्यासाठी कुणी चिंधीसुद्धा पाठवली नाही, असं ती भाचीला म्हणाली होती.

आता नवा वाद. परदेशी बाईचं लागतं का? चहावाला म्हणाला, आपले सैनिक पँटला कसले भितात. काका जीन्सपाशी गेले. घालणारी कोण, विचारलं. काकूंनी सांगितलं, शिकतेय, आपल्या युझनाएवढी आहे. युझना म्हणजे मी. काका दोन पावलं मागे सरकले.

"मग लावा," ते म्हणाले.

घागऱ्यासमोर ते बराच वेळ उभे होते. "हा मधोमध लावा. हिनं तर जाणूनबुजून पाठवलाय."

पुढच्या आठवड्यात मोर्चा पांगला. आम्ही गल्लीकडे धावलो. दोरी समोर दिसत असताना माझ्या मांडीत गोळी लागली आणि मी टपरीपाशी पडले. बाकीचे आत गेले होते. मागून सैनिक आले आणि दोरीच्या जवळ न येता माझ्या मागे दहा पावलांवरच थांबले. सगळे वर बघत होते. त्यांचा साहेब बांबू आणा म्हणून ओरडत होता. मला उठता येत नव्हतं. बांबू आला की संपलं, हे मला कळत होतं.

दोरीच्या आतल्या बाजूला काका दिसले. बोळातून वळसा घालायला वेळ नव्हता. त्यांनी वर पाहिलं. काकूंचं थमेन, थाई लुंग्या, जीन्स, घागरा. मग मान खाली घालून, मधोमध, घागऱ्याखालून ते बाहेर आले. रेशीम त्यांच्या डोक्याला घासलं.

माझ्या काखेत हात घालून ते मला ओढू लागले. दोरी आली तशी मी म्हणाले, "काका, वर..."

"जाताना गेलं ते गेलं," काका म्हणाले. "येताना जायला उरलंय काय?"

बांबू आला तेव्हा आम्ही आत होतो. पण बांबू हातात घेतलेला सैनिक दोरीकडे बघत नव्हता. काकांच्या तोंडाकडे बघत होता.

काकूंच्या पलंगावर माझी जखम शिवली. काका दाराशी बसले होते. "एवढी पुस्तकं वाचलीस," ते म्हणाले, "पळायचं कसं ते एकातही नव्हतं?" मी रडले. काकूंनी त्यांना लपायला मावसभावाकडे जा म्हणून विनवलं. ते उद्या बघू म्हणाले. त्यांच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. त्या बायकांकडे आपण अंगावरचं मागितलं आणि त्यांनी दिलं. रिकाम्या हाती कसं राहायचं? आंबवलेला चहापाला पाठवू, सोबत तळलेला लसूण, तीळ, शेंगदाणे. लसूण दुसऱ्या कुणी तळलेला त्यांना आवडत नसे. पाला त्यांनी तेव्हाच तीन पिशव्यांत भरला. फक्त कोरियन बाई मिरची खाते का, ते माहीत नव्हतं. भाचीला विचारायला लावलं.

सकाळी सैनिक त्यांना घेऊन गेले. ते स्वयंपाकघरात होते. त्यांना चपलाही घालू दिल्या नाहीत.

तुरुंगाच्या दारात काकूंचा डबा आत घेतात. म्हणजे ते आत आहेत, असं आम्ही धरून चाललोय. डबा रिकामा परत येत नाही. येतच नाही.

भाचीचं उत्तर त्याच दुपारी आलं. मिरची भरपूर खाते.

तीन पिशव्यांपैकी एकीलाच गाठ मारून झाली आहे. पाटावर लसूण अर्धा चिरलेला आहे, उरलेला सोललेला, सुरी तिथेच. काकू त्याला कुणाला हात लावू देत नाहीत.