जिभेवरचे उपाय

माझ्या धाकट्या बहिणीचा जन्म झाला तेव्हा आम्ही पनवेलला एका भाताच्या गिरणीला लागून राहत होतो. वडील त्या गिरणीच्या इंजिनावर कामाला होते. आमच्या खोलीची मागची भिंत हीच गिरणीची भिंत. इंजिन सुरू झालं की फळीवरची भांडी थरथरायची आणि घरात बोलायचं तर ओरडावं लागायचं. त्या गोंगाटात बहीण पाळण्यात निवांत झोपायची. शेजारणी कौतुक करायच्या, "पोर मोठी गुणाची गं! आमचं तर वाटी पडली तरी दचकून उठतं." आईच्या चेहऱ्यावर तेव्हा जे समाधान दिसायचं, ते मला अजून आठवतं.

ती चालायला लागली, धावायला लागली, पण बोलेना. आई मूळची गव्हाणकडची. तिच्या माहेरच्यांचं सगळ्यांचं एकच म्हणणं, "जीभ जड हाय, दुसरं काय नाय." मग रोज सकाळी मधात वेखंड उगाळून तिच्या जिभेला चोळायचं सुरू झालं. बहीण तोंड फिरवायची. आई तिची हनुवटी धरून म्हणायची, "बोल गं बाय. आई बोल. आ-ई." आईच्या ओठांकडे बघून ती ओठ हलवायची, कधी त्यातून 'आ'सारखं काहीतरी निघायचं. त्या एका 'आ'वर आई आठवडाभर जगायची.

एका आत्याने तर सरळ आईवरच ठपका ठेवला. "पोटुशी असताना कुण्या मुक्याला हसली असशील तू." आईने खूप आठवून पाहिलं. शेवटी बाजारात भीक मागणारा एक मुका म्हातारा तिला आठवला. त्याला हसल्याचं तिला आठवत नव्हतं, पण आपण हसलो असू, असं तिने स्वतःच ठरवून टाकलं आणि त्याला शोधून जेवायला घातलं. काही झालं नाही.

तिला ऐकू येत नसेल, अशी शंका शेजारच्या मास्तरांनी एकदा काढली होती. वडिलांना राग आला. "येतं की ऐकू! इंजिन सुरू झालं की भिंतीला हात लावून हसते. दार आपटलं की वळून बघते." ते खरंच होतं. ती दोन्ही तळवे भिंतीला टेकून उभी राहायची आणि हसायची. तिला ते हाताला कळतं, कानाला नव्हे, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. आणि शिवाय तिला आवाज होता. रडायची तर गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं. आवाज असलेलं माणूस मुकं कसं असेल?

मग एक वैदीण दारावर आली. तिने बहिणीचं तोंड उघडून बघितलं आणि सांगितलं, "जिभेखालची तार आखूड हाय. कापली का पोपटावाणी बोलंल." आईने तिला मांडीवर घेतलं, मी पाय धरले. वैदिणीच्या हातात वस्तरा होता. बहीण अशी किंचाळली की वडील इंजिन सोडून धावत आले. तिच्या फ्रॉकवर रक्त सांडलं होतं. आई रडत होती आणि रडता रडता म्हणत होती, "बघा, केवडा आवाज हाय तिला! बोलंल ती, बोलंल." पुढे कितीतरी दिवस बहिणीने पेजेशिवाय काही गिळलं नाही. आईने हात तोंडाजवळ नेला की ती पलंगाखाली शिरायची.

गावातल्या डॉक्टरांनीही तोंडातच पाहिलं. "जिभेला काही झालेलं नाही. काही मुलं उशिरा बोलतात," ते म्हणाले आणि टॉनिकची बाटली दिली. आम्ही वाट बघत राहिलो. तिच्या बरोबरीच्या मुली पाटी-दप्तर घेऊन शाळेत जायला लागल्या. ती दारात उभी राहून त्यांच्याकडे बघायची.

शेवटी मुंबईत गोदीत काम करणाऱ्या मामाने हट्ट धरला आणि आम्ही तिला तिथल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. मी बरोबर होते. डॉक्टरांसमोर बसल्याबरोबर आईने सवयीने बहिणीची हनुवटी धरून तोंड उघडलं.

"तोंड राहू द्या, बाई," डॉक्टर म्हणाले. त्यांनी तिला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि मागून पितळी घंटी वाजवली. मी दचकले. बाहेरच्या बाकावरचे लोक आत डोकावले. बहीण भिंतीवरच्या पोपड्याला नखाने खरवडत होती.

"ही बहिरी आहे. बहुतेक जन्मापासूनच."

"बहिरी नाय वो, मुकी हाय," आई म्हणाली.

"बहिरी आहे म्हणून मुकी आहे. शब्द कानावर पडलाच नाही, तर ती बोलणार काय? जिभेचा काही दोष नाही."

"मग कानात घालायला काही द्या," वडील म्हणाले.

"याला औषध नाही. मुंबईत अशा मुलांची शाळा आहे, तिथे ठेवा. आणखी लहान असताना आणायला हवं होतं, पण अजूनही काहीतरी शिकेल."

एसटीत आई खिडकीशी बसली होती. बहीण तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. ठाणं मागे पडल्यावर आई एकदाच बोलली, तेही कुणाकडे न बघता. "मंग मी येवडी वरसं कुनाशी बोलत व्हते?"

 तोवर आई दिवसभर बहिणीशी बोलायची. पाळण्यातली गाणी, भाताच्या लोंबीच्या गोष्टी, माहेरच्या आठवणी, सगळं तिला सांगायची. त्या दिवसापासून ती तिच्याशी बोलायची बंद झाली. जेवायला वाढायची, वेणी घालायची, पण ओठ मिटलेले. बहिणीला ऐकू येत नव्हतं, पण ते हलणारे ओठ दिसत होते ना! ते थांबल्यावर ती आईच्या तोंडासमोर तोंड नेऊन बसायची, बोटांनी तिचे ओठ उघडू बघायची. आई तिचा हात बाजूला करायची.

मुंबईच्या शाळेत तिला ठेवावं असं वडिलांच्या मनात होतं. पण शेजारीपाजारी, नातेवाईक, सगळे म्हणू लागले, "मुक्याला अक्कल कुठे असते? ती काय शिकणार?" आणि आईचं म्हणणं वेगळंच होतं. "परक्यांत ठेवायची, आनि काय वाईट जालं तर सांगंल कशी?" सांगता यावं म्हणूनच तर पाठवायचं, हे मी म्हणायला गेले, तर कुणी ऐकून घेतलं नाही. ती घरीच राहिली. भांडी घासायची, तांदूळ निवडायची. तिला स्वतःचं नावसुद्धा माहीत नव्हतं.

काही वर्षांनी आईला ताप आला. साधा वाटला होता, पण त्यातून ती उठली नाही. तिरडी बांधली तेव्हा बहीण आईजवळ बसून तिच्या कपाळावरचं कुंकू नीट करत होती. ती रडली नाही. बायका कुजबुजल्या, "बघा, मुक्यांना मायाच नसते."

पुरुष आईला घेऊन गेले आणि तिच्याशिवाय परतले. तेव्हा बहीण माझ्याजवळ आली. आई केसांचा अंबाडा घालायची, तसा हात डोक्यामागे फिरवून तिने रिकामे तळवे पुढे केले. आई कुठे आहे, एवढंच विचारत होती ती. मरण कसं सांगायचं असतं? मी डोळे मिटले, मान कलती केली, आणि दुसरं काही सुचेना म्हणून बोट वर केलं.

ती वर बघू लागली. मग तिने कोपऱ्यातली शिडी ओढत आणली आणि माळ्यावर चढली. वर ती डबे सरकवत होती, गोणपाटं उचलत होती. खाली आली तेव्हा केसांत जळमटं होती. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला मान वर करता येईना.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा माळ्यावर चढली. तिसऱ्याही दिवशी. महिना उलटला तरी तिचं चढणं थांबेना, तेव्हा वडिलांनी ती शिडी उचलून कुणाला तरी देऊन टाकली.