सावलीत ठेवलेली परात

नालवाडीत भैयाजींच्या घरी पाहुणा आला, की पाणी विचारायच्या आधी त्याच्याकडून काडीपेटी मागून घेतली जाई. माणूस तीस वर्षं पुलगावच्या दारूगोळा डेपोत, आग विझवणाऱ्या पथकात होता. तिथे फाटकाशी खिसे रिकामे करूनच आत जायचं. निवृत्त झाले तरी ती सवय गेली नाही. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात त्यांनी अर्ध्या वस्तीच्या काडीपेट्या जमवल्या होत्या. लोक हसत, भैयाजी खुशाल हसू देत.

त्यांच्या बायकोची, कांताबाईंची, दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. दर सोमवारी आणि गुरुवारी डायलिसिससाठी सेवाग्रामला न्यावं लागे, तेही जुन्या पेट्रोल गाडीतून. मे महिन्यातल्या एका गुरुवारी ती गाडी भर रस्त्यात बंद पडली. पेट्रोलचा फिल्टर तुंबला होता. तासभर उन्हात कांताबाईंना असा दम लागला, की पोचल्यावर डॉक्टर भैयाजींवर खेकसले, ‘पुन्हा असा उशीर झाला तर मी काही करू शकणार नाही.’

गाडी कशीबशी मेकॅनिककडे नेली, तर तो पेटती बिडी तोंडात धरूनच बॉनेटमध्ये वाकला. भैयाजींचं डोकं फिरलं. फिल्टर तेवढा विकत घेतला आणि गाडी घरी आणली. हे काम त्यांच्याइतक्या काळजीने अख्ख्या वर्ध्यात कुणी केलं नसतं, आणि जिवाला लागतं ते हेच.

रविवारी सकाळी त्यांनी सिलिंडर बंद केला. काडीपेट्या, लायटर, मच्छर अगरबत्ती, सगळं डब्यात भरून डबा शेजारी पाठवला. बुद्धाच्या मूर्तीपुढची मेणबत्तीही लावू दिली नाही.

‘बुद्धालेबी नाई सोडलं तुमी,’ कांताबाई पलंगावरून हसल्या.

‘आजच्या दिवस चालवून घेतील ते,’ भैयाजी म्हणाले.

पोर्चमध्ये वाळूची बादली आणि ओलं पोतं तयार होतं. गाडीतल्या पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून त्यांनी इंजिन चालू केलं. पाइपातला दाब संपला तसं ते आपोआप बंद पडलं. मग बॅटरीची तार सोडवली. जुना फिल्टर निघाला तेव्हा बाटलीभर पेट्रोल खालच्या परातीत उतरलं. उन्हात त्याची वाफ होईल म्हणून भैयाजींनी परात उचलून सावलीत ठेवली. पोर्चमध्ये सावली एकाच ठिकाणी होती, खिडकीतल्या कूलरच्या मागे.

कूलर चालूच होता. पंचेचाळीस डिग्रीत कांताबाईंना त्याच्याशिवाय राहवत नव्हतं. तो पोर्चमधली हवा ओढून घेत होता आणि दार लोटलेल्या त्यांच्या खोलीत सोडत होता. त्याच गार हवेत भैयाजी रोज दुपारी झोपत. पण ती हवा येते कुठून, हे त्या सकाळी त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

नवा फिल्टर बाणाची दिशा बघून बसवला, क्लिपा आवळल्या. तरी किल्ली फिरवली नाही. मुलीला, पौर्णिमाला, हाक मारली आणि दोघांनी गाडी ढकलत गल्लीत नेली. तिथे फ्यूज घातला, बॅटरी जोडली. किल्लीच्या पहिल्याच फेऱ्यात इंजिन सुरू झालं. क्लिपांपाशी थेंबभरही गळत नव्हतं. कितीतरी दिवसांनी भैयाजींच्या चेहऱ्यावर हसू आलं.

आतून कांताबाईंनी हाक दिली, ‘अवो, पेट्रोलचा लय वास येऊन राह्यला. मले मळमळते.’

‘झालं आता सारं,’ भैयाजी गल्लीतूनच ओरडले. ‘कूलर बंद कर थोडा वेळ. वास जाते.’

कांताबाई भिंतीला धरून उठल्या आणि त्यांनी बटण दाबलं.

बटणाच्या आत उडालेल्या ठिणगीने खोलीभर साचलेली वाफ पेटली. आवाज मोठा नव्हता, गादीवर काठी मारावी एवढाच. भैयाजी ओलं पोतं घेऊन आत घुसले आणि त्यात गुंडाळून बायकोला बाहेर आणलं. पौर्णिमाने परातीवर वाळू ओतली.

सेवाग्रामपर्यंत गाडीने एकदाही आचका दिला नाही. मागच्या सीटवर, लेकीच्या मांडीवरून, कांताबाई पुटपुटल्या, ‘आता नाई बंद पडत जी गाडी.’ पाचव्या दिवशी त्या गेल्या.

पोलीस पंचनाम्याला आले, तेव्हा पौर्णिमाच पुढे झाली. ‘बोर्ड जुना होता साहेब, त्यातून ठिणग्या उडायच्या,’ ती म्हणाली. हवालदाराने ‘शॉर्ट सर्किट’ असं लिहायला घेतलं. बापाला वाचवायला पोरगी जन्मात पहिल्यांदा खोटं बोलली होती.

भैयाजींनी हवालदाराचा हात धरला.

‘बोर्ड चांगला हाय साहेब. परात मी ठेवली तिथं. अन् बटन दाबाले तिले मीच सांगतलं. तसं लिहा.’