टॅबमधल्या सिस्टर

किस्से गोळा करायला आम्ही मुद्दाम कुठे जात नाही. हातात टॅब घ्यायचा, हाडांच्या वॉर्डात एखाद्या खाटेशेजारी स्टूल ओढायचं आणि विचारायचं, "काका, दारूबद्दल थोडं विचारू का?" दुपारच्या चहापर्यंत एक तरी किस्सा पदरात पडतोच.

काम तसं साधं आहे. आमच्या दवाखान्यात भरती झालेल्या प्रत्येक मोठ्या माणसाला, तो कशासाठीही आलेला असो, टॅब दारूबद्दल चार प्रश्न विचारतो. प्रश्न आवाजात येतात, पेशंटनं उत्तराच्या चित्रावर बोट ठेवायचं. शेवटी हिरवा, पिवळा नाहीतर लाल रंग उमटतो. पिवळा-लाल आला की मी, म्हणजे इथला समुपदेशक, त्या माणसाशी थोडं बोलतो. रागवायचं नाही, उपदेश करायचा नाही, असं डॉक्टरांनी मला बजावलेलं आहे. पेशंटला संशय येतो तो नेमका त्यामुळेच.

* * *

सुरुवातीला टॅबमधली बाई अगदी पुस्तकी बोलायची. "आपण मद्यपान किती वारंवार करता?" रनाळ्याच्या एका आजोबांनी ते हात जोडून ऐकलं आणि मला हळूच विचारलं, "साहेब, ही बाई कोर्टमा शे का?" त्यानंतर मुलगा आल्याशिवाय ते एक शब्द बोलले नाहीत.

मग ठरलं, प्रश्न अहिराणीत घ्यायचे. आवाज आमच्या वॉर्डाच्या सुनंदा सिस्टरांचा. चादरींच्या खोलीत दार लावून रेकॉर्डिंग केलं. सिस्टर इतक्या मायेनं बोलल्या की डॉक्टर चाट पडले. "सिस्टर, वॉर्डात तर तुम्ही नुसत्या ओरडता."

"सर, मी पेशंटला नाही बोलले," सिस्टर म्हणाल्या. "मन्हा सासरासले बोलले."

सिस्टरांचं सासर म्हसावदचं. सासरे शांत माणूस, कुणाला कधी वावगं बोलणार नाहीत. पण संध्याकाळ झाली की बाटली. लिव्हरला सूज आहे, असं डॉक्टरांनी त्यांना सांगून झालेलं. आणि त्या घरात सासरा-सून एकमेकांशी बोलत नाहीत, जुनी रीत आहे. ते दाराशी खाकरतात, सिस्टर पदर घेतात, ताट ठेवतात आणि आत जातात. "सगळ्या वॉर्डाला सांगते, दारू कमी करा. घरी तेवढंच सांगता येत नाही," म्हणाल्या.

* * *

नवापूरकडच्या डोंगरातला एक गडी पाय मोडून आला होता. टॅबवर काचेच्या ग्लासाचं चित्र, असे किती घेता? तो बराच वेळ हिशेब करत बसला. शेवटी म्हणाला, "आमच्यात आधी जमिनीवर थोडी सांडतात, जुन्या माणसांच्या नावानं. ती मोजायची का?"

डॉक्टर राउंडवर होते. त्यांनी गंभीरपणे विचार केला. "नाही, ती नका मोजू."

"मग कमी होईल," गडी खुश झाला. "आमची जुनी माणसं पुष्कळ आहेत."

* * *

वॉर्डात खासगी असं काही नसतं. एकाला प्रश्न विचारला की शेजारचे तिघे उत्तर देतात. एकानं "कधीच नाही" म्हटलं की पलीकडची खाट खोकते. म्हणून डॉक्टरांनी हेडफोन आणवले.

पहिला हेडफोन लावला एका ट्रकवाल्यानं, विसरवाडीजवळ गाडी उलटून आलेला. दोन्ही हात प्लास्टरमध्ये, म्हणून उत्तरं तोंडी. कानात सिस्टरांचा आवाज, त्यामुळे स्वतःचा ऐकू येईना. सगळा वॉर्ड दणाणला, "रोज! घरमा सांगस नही, पन रोज!"

बायको डबा घेऊन दारातच उभी होती. माझं समुपदेशन त्या दिवशी तिनंच उरकलं.

* * *

तापीकाठचे एक केळीवाले काका. रंग लाल. मी शिकवल्याप्रमाणे विचारलं, "काका, कमी करायची तयारी किती? दहापैकी सांगा."

"सात."

"वा! सातच का, पाच का नाही?"

"पाच म्हटलं तर तुम्ही अजून बसाल."

* * *

आणि मग एक दिवस सिस्टरांचे सासरे आमच्याच वॉर्डात भरती झाले. तोल जाऊन ओट्यावरून पडले, खुब्याचं हाड गेलं. सिस्टरांनी लगेच ड्युटी बदलून बायकांच्या वॉर्डात घेतली.

मी त्यांना गाठलं. "जुनी पुस्तकी बाई अजून टॅबमध्ये आहे. बाबांना तिचा आवाज लावू का?"

सिस्टर बराच वेळ औषधांचा ट्रे पुसत राहिल्या. "नको," म्हणाल्या. "ऱ्हाऊ द्या तोच."

बाबांच्या कानाला हेडफोन लावला आणि टॅब सुरू केला. पहिला प्रश्न आला असेल, मांगला हप्तामा तुमी कितला दिन दारू पिधी? बाबा एकदम ताठ झाले. उशाशी ठेवलेली टोपी चाचपून डोक्यावर घातली. आणि दाराशी उभं असल्यासारखे खाकरले.

मला वाटलं, आता हेडफोन काढून फेकतात. पण ते ऐकत राहिले. नजर खाली, बोट एकेका चित्रावर. एकाही उत्तराला त्यांनी टाळाटाळ केली नाही. रंग लाल आला.

मग लाल रंगानंतर येणारं शेवटचं वाक्य, जे सिस्टरांनी चादरींच्या खोलीत परत परत म्हणून बघितलं होतं. "घरना लोके तुमनी वाट दखतस. दारू कमी करानं तुमना मनमा शे का?"

पुढे 'हाव', म्हणजे हो, आणि 'नही' अशी दोन बटणं येतात. बाबांनी एकालाही हात लावला नाही. मी म्हटलं, "बाबा, बोट ठेवा, त्याशिवाय टॅबला कळत नाही."

तेवढ्यात मला दारात सुनंदा सिस्टर दिसल्या. कशाला आल्या होत्या कोण जाणे, हातात काहीच नव्हतं. युनिफॉर्मला पदर नसतो, तरी हात डोक्याकडे गेलेला.

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. हेडफोन काढून नीट घडी घालून माझ्या हातात दिला. टॅबकडे बघत, जरा मोठ्यानं म्हणाले, "हाव, बेटा."