सरकीच्या कोंबांच्या बारा नळ्या

मला लिहायची सवय नाही. पण दयाराम गेला, मोतीरामही गेला, आणि ही गोष्ट माहीत असलेला मी एकटाच उरलो.

दयाराम आणि मी बुलढाण्याच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राचे डेमॉन्स्ट्रेटर होतो. सरकीच्या कोंबांतून डी.एन.ए. आणि आर.एन.ए. वेगळे काढून तो पीएच.डी. करत होता. स्टाफरूममध्ये त्याला विचारत, "काय डॉक्टर, गुरांची ढेप तयार झाली का?" तो नुसता हसे. त्र्याहत्तरच्या मेअखेरीस त्याचे नागपूरचे मार्गदर्शक निवृत्त होणार होते. त्याआधी दोन्हींचे न तुटलेले नमुने पोचले नाहीत, तर दहा वर्षांचे काम बुडणार होते.

त्या उन्हाळ्यात गावाला पाणी नव्हते. काचसामान धुणारा रोजंदारीचा मोतीराम नळ्या धुण्याच्या सोड्याने घासून एकाच बादलीत बुडवून काढत होता. शेवटी डिस्टिल्ड वॉटर फिरवायचे, ते त्याने फिरवले नाही. मी पाहिले होते. बोललो नाही.

नमुने भरलेल्या बारा नळ्या थर्मासमध्ये बर्फात ठेवून दयाराम एसटीने नांदुऱ्याला आणि तिथून रेल्वेने नागपूरला गेला. चौथ्या दिवशी परतला. डी.एन.ए.च्या सहाही नळ्या चांगल्या निघाल्या होत्या. आर.एन.ए.च्या सहांत नुसते तुकडे होते.

"मोतीराम, शेवटी ते बाटलीतलं पाणी फिरवलं होतं का?" दयारामने विचारले.

"नाही जी. लोकायले प्यायले पाणी नाही, म्हटलं सरायचं पाणी वाचवा. काऊन, काय झालं?"

दयारामने खडूने टेबलावरच दोन साखरांचे रेणू काढले, एक डी.एन.ए.च्या साखळीतला, एक आर.एन.ए.च्या. "दोन्ही सारख्याच. फक्त आर.एन.ए.च्या साखरेवर हा एक ऑक्सिजन जास्त. सोडा लागला की हाच शेजारचा सांधा तोडतो. डी.एन.ए.मध्ये तो नाहीच, मग तोडणार कोण?"

"मंग असं कच्चं ठेवलंच काऊन देवानं?"

"त्याचं काम निरोप पोचवायचं. पोचला की मोडलं तरी चालतं. डी.एन.ए.ला पिढ्यान्पिढ्या टिकायचं असतं."

"म्हणजे माह्या नोकरीसारखं," मोतीराम हसत म्हणाला. मग आमचे चेहरे पाहून त्याने विचारले, "सर, पुन्हा काढता येते ना?"

"येते," दयाराम म्हणाला. तेव्हा मे संपायला पाच दिवस होते, आणि कोंब वाढवायलाच आठ लागत.

ते पुन्हा काढले गेले नाहीत. दयाराम डेमॉन्स्ट्रेटर म्हणूनच निवृत्त झाला. दरवर्षी मुलांना त्या दोन साखरा काढून दाखवी आणि जास्तीच्या ऑक्सिजनपाशी खडू थोडा थांबे. मोतीराम मात्र दर सोमवारी आर.एन.ए.साठी सहा नळ्या डिस्टिल्ड वॉटरने सात वेळा धुऊन दयारामच्या टेबलावर उपड्या ठेवायचा. शनिवारी त्या तशाच उचलून न्यायचा. दयारामने त्याला कधी नको म्हटले नाही.