मालिनीबाईंचा शर्वीत

बुइटनव्हेल्डर्ट या डच वस्तीत आमच्या समोरच्या दारी मालिनीबाई पेणकर राहतात. रेवदंड्याच्या बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू. वय माझ्याएवढंच, पण सांगताना बरंच कमी सांगतात. नातू रूबेन नोकरीसाठी इकडे आला, त्याने आजीलाही आणलं. बाईंनी येताना घरचं लाटणं आणलं. त्याला त्या शर्वीत म्हणतात.

"म्हणजे काय हो?" मी एकदा विचारलं.

"हिब्रू शब्द आहे. राजदंड."

"पोलिसाच्या दांडक्यासारखा?"

"तुमचं डोकं तिकडेच जायचं. मारायला नसतो तो. आमच्या पुरीम सणाच्या कथेत राणी न बोलावता दरबारात जाते. तसं गेलं की मरणच. पण राजाने शर्वीत पुढे केला, तिने टोकाला हात लावला, की अभय. वर राजाच म्हणतो, माग काय हवं ते, अर्धं राज्यसुद्धा देतो."

बाईंच्या स्वयंपाकघरात हाच कायदा. लाटणं पुढे आल्याशिवाय मीही आत पाऊल टाकत नाही.

मग रूबेनने लोटे नावाची इथली मुलगी पसंत केली.

"दोन्ही वेळा पाव-चीज खाते," बाई म्हणाल्या. "माझ्या घरात नको."

"मग मीच तिच्या गावी, न्यूनेनला राहायला जातो," रूबेन म्हणाला.

नातू गेला तर इथे त्यांचं कोण? रात्रीची झोप उडाली बाईंची, पण हट्ट काही सुटेना.

पुरीमच्या दिवशी बाई पुरणपोळ्या लाटत होत्या, रूबेन खोकी भरत होता. लोटे त्याला न्यायला आली. तिला त्याने थोडं मराठी शिकवलंय. मी तिला जिन्यातच गाठलं आणि राणीची गोष्ट सांगितली, हातवाऱ्यांसकट. म्हटलं, "लाटणं पुढे आलं की टोकाला हात लाव. पुढचं मी बघते."

दोघी न बोलावताच आत गेलो. बाईंनी लाटण्यानेच दार दाखवलं. "बाहेर."

लोटेने वाकून टोकाला बोट लावलं.

तव्यावरची पोळी करपायला लागली.

"हिला हे कुणी शिकवलं?" बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या.

"मी चौथी नापास, मी कुणाला काय शिकवणार? पण हात तर लागलाय. आता विचारा तिला."

बाईंनी तवा उतरवला. कायदा त्यांचाच. "माग," म्हणाल्या, "काय हवं ते."

मला वाटलं, ही रूबेनला मागणार.

"आजी, मी लाटू?" लोटे म्हणाली. "रूबेन म्हणतो, तुमच्या पोळ्या आता जाड होतात."

आतल्या खोलीत खोकं दाणकन पडलं.

"रूबेन, राहू दे ती खोकी. आधी इकडे ये," बाई म्हणाल्या. "जाड म्हणे." मग लोटेकडे वळल्या. "तू काय बघत उभी राहिलीस? हात धू. साबण तिकडे आहे."